वायरिंग ड्रॉइंगचे लेअर : एकदा ठरवा, सगळ्या पानांवर तेच पाळा

पॅनलच्या दाराला आतून एक हिरवी-पिवळी तार जोडलेली असते. दारावर मीटर, दिवे, पुश बटणं बसवलेली असतात, आणि बिजागरीतून अर्थिंग मिळेल असा भरवसा धरता येत नाही, कारण मध्ये रंगाचा थर असतो. म्हणून दारापासून अर्थ बारपर्यंत वेगळी लवचिक तार ओढतात. काही वर्षांपूर्वी मी काढलेल्या एका पॅनलच्या ड्रॉइंगमध्ये ही तार स्क्रीनवर दिसत होती आणि छापलेल्या कागदावर नव्हती. शेडमधल्या वायरमनने कागद बघून वायरिंग केलं. तपासणीच्या दिवशी दार उघडलं तर अर्थची तार नाही. विचारल्यावर त्याने ड्रॉइंगच माझ्यापुढे धरलं. "साहेब, यात कुठे दाखवलीय?" त्याचं बरोबर होतं.

ऑफिसात येऊन फाईल उघडली. तार होती, हिरव्या रंगात, तुटक रेघेत, हवी तिथेच. फक्त ती डेफपॉइंट्स नावाच्या लेअरवर काढली गेली होती. ऑटोकॅडमध्ये पहिलं माप टाकलं की हा लेअर आपोआप तयार होतो, आणि त्याच्यावरचं काहीही छापलं जात नाही. हिरवा रंग मी हाताने दिला होता, रेघेचा प्रकारही हाताने दिला होता, त्यामुळे शेजारच्या अर्थच्या तारांपेक्षा ती जराही वेगळी दिसत नव्हती. रंग वेगळा असता तर लगेच डोळ्यात आली असती. पॅनलला सप्लाय द्यायच्या आधी चूक सापडली म्हणून निभावलं.

तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हीच फाईल दाखवतो. ही पोरं धारच्या पश्चिमेची आणि उत्तरेची : अमझेरा, सरदारपूर, राजगड, बदनावर. अमझेरा म्हटलं की लोकांना रुक्मिणीहरणाच्या आख्यायिकेचं अमका-झमका देवीचं देऊळ आठवतं, नाहीतर १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरला फासावर गेलेले राजे बख्तावरसिंह. मला मात्र तिथून पहाटेची बस पकडून पीथमपूरला येणारी, आयटीआय नाहीतर पॉलिटेक्निक केलेली मुलं आठवतात. दिवसा पॅनलच्या शेडमध्ये, रात्री घरी लॅपटॉपवर ड्रॉइंग. हात चांगला आहे, डोळा चांगला आहे. अडतं ते एकाच ठिकाणी : प्रत्येकाचे लेअर वेगळे.

आणि आपल्याकडे एका कामाची ड्रॉइंग एकाच हातची कधीच नसतात. इमारतीचा नकाशा इंदूरच्या आर्किटेक्टकडून येतो, सिंगल लाइन डायग्राम सल्लागाराकडून. पॅनलची बाहेरची मापं एक मुलगा काढतो, कंट्रोलचं सर्किट दुसरा, टर्मिनलची पानं तिसरा. बदनावर तालुक्यात भैंसोल्याला १७ सप्टेंबर २०२५ रोजी पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन झालं. तिथे गिरण्या उभ्या राहतील तसं हे काम वाढतच जाणार. चाळीस-पन्नास पानांचा संच, चार हात, आणि प्रत्येक पानात अर्थची तार वेगळ्या नावाच्या लेअरवर. असा संच दुरुस्त करणं नव्याने काढण्याहून जास्त कंटाळवाणं असतं, हे मी भोगून सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. इमारतीच्या नकाशात लेअर हा मुख्यतः सोयीचा भाग असतो. भिंती दाखवायच्या की लपवायच्या, फर्निचर फिकं करायचं की गडद, एवढ्यापुरता. वायरिंगच्या ड्रॉइंगमध्ये तसं नाही. ऑटोकॅड इलेक्ट्रिकल वापरत असाल तर तिथे तार म्हणून वेगळी वस्तू नसतेच. साधी रेघ वायरच्या लेअरवर असली की ती तार, नसली की नुसती रेघ. तारेचा रंग आणि जाडीसुद्धा बहुतेक ठिकाणी लेअरच्या नावातच लिहिलेली असते, उदाहरणार्थ काळी, दीड चौरस मिलिमीटर. म्हणजे लेअर बदलला की तारेची जात बदलली. दीडच्या लेअरवरची रेघ चुकून अडीचच्या लेअरवर गेली तर स्क्रीनवर काहीच बिघडलेलं दिसणार नाही, पण तारांच्या यादीत अडीच येईल, खरेदी अडीचची होईल आणि लगही अडीचचे येतील.

नुसत्या रेघेची खूण ओळखायला सोपी आहे. तिच्यावर कॉन्टॅक्टरचं चिन्ह टाकून बघा. खरी तार असेल तर चिन्ह बसताच ती दोन्हीकडे तुटून चिन्हाला जोडली जाते. नुसती रेघ असेल तर चिन्हाच्या पोटातून आरपार जाते, आणि तिला तारेचा नंबरही मिळत नाही. अशी एक रेघ सापडली की त्या पानावरच्या बाकीच्या रेघाही तपासाव्यात. एखादी चुकून आलेली नसते, कुणीतरी दुसऱ्या फाईलमधून अख्खा तुकडा उचलून चिकटवलेला असतो.

आता नियम. रेघ काय आहे हे लेअरने सांगायचं, आणि ती कशी दिसावी हेही लेअरनेच ठरवायचं. रंग, रेघेचा प्रकार, छापील जाडी या तिन्हींच्या खिडकीत 'बायलेअर' हाच शब्द दिसला पाहिजे. सुटी रेघ निवडून तिला हाताने रंग देणं बंद. माझी अर्थची तार बायलेअर असती तर डेफपॉइंट्सच्या पांढऱ्या रंगात उघडी पडली असती. हाताने दिलेला रंग चूक झाकतो, म्हणून मी त्याच्या इतका मागे लागतो.

जुन्या फाईलमध्ये असे हाताने रंगवलेले घटक शोधायला क्यूसिलेक्ट वापरा : रंग, बायलेअर 'नाही' असे सगळे निवडा. पण निवडले की लगेच बदलू नका. ते कोणत्या लेअरवर आहेत ते आधी बघा. लाल रंग दिलेली रेघ कंट्रोलच्या लेअरवर असेल तर काढणाऱ्याच्या मनात ती आर फेजची तार असू शकते. मग दुरुस्ती रंगाची नाही, लेअरची करायची. हे वेगळं काढून झालं की उरलेल्यांना सेटबायलेअर लावा. ही आज्ञा दोन प्रश्न विचारते : बायब्लॉकचं बायलेअर करायचं का, आणि ब्लॉकच्या आतलंही बदलायचं का. तुमची चिन्हं बायब्लॉकवर बेतलेली असतील तर दोन्हींना 'नाही' म्हणा. घाईत 'हो' म्हणून एका मुलाने चिन्हांच्या अख्ख्या संग्रहाची वाट लावलेली मी पाहिली आहे.

चिन्हांबद्दल इथेच सांगून टाकतो. ब्लॉक बनवताना आतली रेघ शून्य नावाच्या लेअरवर आणि बायलेअर ठेवली, की ब्लॉक ज्या लेअरवर टाकाल त्याचे गुण ती घेते. आत दुसऱ्या कुठल्या लेअरवर ठेवली तर ती त्याच लेअरची राहते आणि तो लेअर सोबत घेऊन येते. बाहेरच्या कंपन्यांच्या संकेतस्थळावरून उतरवलेले व्हीएफडी किंवा ब्रेकरचे ब्लॉक असेच पाच-सात परके लेअर घेऊन येतात. ते थेट कामाच्या पानात टाकू नयेत. आधी रिकाम्या फाईलमध्ये उघडा, लेअर आपल्या पद्धतीचे करा, पर्ज करा, मग आपल्या संग्रहात ठेवा. अर्धा तास जातो, पण एकदाच.

रंगांविषयी थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण सगळ्यात जास्त भावना इथे गुंतलेल्या असतात. आपल्याकडे फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा किंवा हिरवा-पिवळा. साहजिकच मुलं लेअरलाही तेच रंग देतात : १, २ आणि ५. काळ्या स्क्रीनवर ५ नंबरचा निळा डोळे ताणून बघावा लागतो, आणि पांढऱ्या कागदावर पिवळा जवळजवळ नाहीसा होतो. रंगीत पीडीएफ शेडमध्ये कुणीतरी काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापलं की वाय फेजची तार फिकट राखाडी धूसर रेघ होऊन बसते. शेडमध्ये ड्रॉइंग नेहमी अशीच पोचतात : छापलेल्याची झेरॉक्स, झेरॉक्सचा मोबाईलवर काढलेला फोटो, तोही तेलकट बोट लागलेला. म्हणून फेज ओळखायचं काम रंगावर टाकू नका. ते तारेच्या नंबरावर आणि टर्मिनलच्या अक्षरावर टाका, कारण ते झेरॉक्समध्येही टिकतात. रंग स्क्रीनवर काम करणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, तिथे लाल-पिवळा-निळा खुशाल ठेवा. छापताना मात्र मोनोक्रोम प्लॉट स्टाइल लावा, म्हणजे सगळे रंग शुद्ध काळ्यात उतरतील आणि जाडी लेअरकडून येईल. मी पॉवरच्या तारा ०.५ मिलिमीटर, कंट्रोल ०.२५, चिन्हं ०.३५ आणि मापं ०.१८ ठेवतो. तुम्ही वेगळे आकडे घ्या, पण पॉवर आणि कंट्रोल यांत निदान दुपटीचा फरक ठेवा, नाहीतर झेरॉक्समध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

एका गोष्टीत मात्र सवलत नाही. संचातल्या अर्ध्या फाईली रंगावरून छापणाऱ्या पद्धतीच्या आणि अर्ध्या नावावरून छापणाऱ्या पद्धतीच्या, असं चालणार नाही. सीटीबी आणि एसटीबी एका संचात मिसळले की एकच प्लॉट स्टाइल सगळ्या पानांना लावता येत नाही. बदलायला कन्व्हर्टपीस्टाइल्स आहे, पण त्याआधी फाईलची प्रत ठेवा.

तुटक रेघांचं दुखणं निराळं. लेअर बरोबर, रेघेचा प्रकार बरोबर, आणि तरी एका पानावर अर्थची तार तुटक दिसते, दुसऱ्यावर सलग. कारण बहुतेक वेळा एलटीस्केल असतं, ते प्रत्येक फाईलमध्ये स्वतंत्र साठवलेलं असतं. दुसरं कारण लपलेलं असतं. ऑटोकॅडबरोबर रेघांच्या दोन फाईली येतात, एक इंचांची आणि एक मिलिमीटरची, आणि दोन्हींत तीच नावं आहेत. इंचांच्या साच्यातून सुरू केलेल्या फाईलमध्ये 'डॅश्ड' नावाची रेघ म्हणजे मिलिमीटरच्या फाईलमधल्या रेघेच्या पंचविसाव्या भागाएवढी बारीक. मिलिमीटरच्या पानावर ती सलगच दिसणार. नाव तेच असल्यामुळे दुसऱ्या पानातून तुकडा चिकटवला तरी फरक पडत नाही, कारण जिथे चिकटवता तिथली व्याख्या टिकते, येणारी टाकून दिली जाते. लेअरचंही तसंच. तुमच्या फाईलमध्ये त्याच नावाचा लेअर असेल तर येणाऱ्याचे गुण विसरले जातात. या नियमाचा फायदा आपल्याला आहे : साचा आधीपासून नीट असेल तर बाहेरून येणारं सामान आपोआप आपल्या शिस्तीत बसतं. अट एवढीच की नावं जुळली पाहिजेत.

नावं ठरवताना अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेची पद्धत बघून घ्यावी. त्यांनी शाखेचं एक अक्षर आधी लावलं, विजेसाठी ई, मग दिव्यांसाठी आणि पॉवरसाठी चार-चार अक्षरी खुणा. आयएसओ १३५६७ हे लेअरच्या नावांचंच आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते जसंच्या तसं पाळायचा हट्ट धरू नका. पॅनलच्या कामाला दहा-बारा लेअर पुरतात. नाव रोमन अक्षरांत, मध्ये रिकामी जागा नाही, आणि एकदा काम सुरू झालं की बदल नाही. 'अर्थ', 'अर्थिंग', 'ग्राउंड' आणि 'पीई' असे चारही लेअर एका संचात सापडले तर चौघांनी चार नावं दिली एवढंच त्यातून कळतं.

आता देवासची गोष्ट. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांची देवासला दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. शहर एकच, पण राजे दोन, दरबार दोन, कारभार दोन, आणि हद्द गावातूनच गेलेली. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलच्या संचात नेमकं हेच असतं. प्रकल्पाची सेटिंग ही थोरली पाती, आणि प्रत्येक पानाच्या पोटात असलेली सेटिंग ही धाकटी. पानाची सेटिंग डब्ल्यूडी-एम नावाच्या एका न दिसणाऱ्या ब्लॉकमध्ये असते. वायरचे लेअर कोणते, चिन्हांचे कोणते, नंबर कोणत्या लेअरवर टाकायचे, हे सगळं त्याच्यात लिहिलेलं असतं. तुम्ही प्रकल्पात लेअर बदलले म्हणून जुनी पानं बदलत नाहीत. ती धाकट्या पातीचंच ऐकतात.

हे घोटाळे कसे येतात ते बघा. नवं पान हवं असतं, मुलगा मागच्या वर्षीच्या दुसऱ्या कामाचं पान उघडतो, आतलं पुसतो, नव्या नावाने जतन करतो. पान कोरं दिसतं, पण पोटातला ब्लॉक जुन्या कामाचा राहिलेला असतो. त्या पानावर काढलेली प्रत्येक तार जुन्या कामाच्या लेअरवर जाते. म्हणून नवं पान नेहमी साच्यातूनच उघडा, जुनं पुसून कधीच नाही. आणि संच हातात आला की प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये पानावर उजवं बटण दाबून सेटिंग्ज कंपेअर बघा. पानाचं आणि प्रकल्पाचं कुठे जुळत नाही ते शेजारी शेजारी दिसतं. जुळवायचं असेल तर तिथूनच जुळवता येतं. संच मोठा असेल तर आधी पाच पानं बघा, एक सुरुवातीचं, एक शेवटचं, तीन मधली. त्यांत दोन जरी बिघडलेली निघाली तर सगळीच बघावी लागतात. तारांच्या प्रकारांसाठी वायर टाइपच्या खिडकीत आयातीची सोय आहे. साच्यातून तारांचे प्रकार ओढून घ्या, हाताने पुन्हा टाइप करू नका. 'दीड'मधला दशांश बिंदू एकदा गळाला की तो नवा लेअर होतो.

ईप्लॅनवाल्यांना हा त्रास कमी आहे, कारण तिथे पानं वेगळ्या फाईलींत नसतात आणि लेअरची व्यवस्था अख्ख्या प्रकल्पाची एकच असते. पण मूळ प्रकल्प बिघडलेला असेल तर बिघाडही सगळ्या पानांत एकदम जातो. नुसतं ऑटोकॅड वापरणाऱ्यांनी साचा आणि डीडब्ल्यूएस अशा दोन फाईली बनवाव्यात. साच्यातून नवी पानं, डीडब्ल्यूएसवरून तपासणी. चेकस्टँडर्ड्स चालवलं की मानकात नसलेला किंवा गुण बदललेला लेअर एकेक करून समोर येतो. बऱ्याच फाईली एका दमात तपासणारा वेगळा प्रोग्रॅमही सोबत येतो. एलटी आवृत्तीत ही साधनं मिळत नाहीत, तिथे साचा आणि डोळे यांवरच भिस्त.

बाहेरून आलेल्या जुन्या फाईलीला लेट्रान्स लावावं. डावीकडे तिचे लेअर, उजवीकडे तुमचे, कोणता कशात जायचा हे एकदा जोडून द्यायचं. ही जोडणी डीडब्ल्यूएस म्हणून जतन होते, त्यामुळे त्याच गिऱ्हाइकाची पुढची फाईल आली की पाच मिनिटांचं काम. माझ्याकडे प्रत्येक नेहमीच्या आर्किटेक्टची अशी एक जोडणी ठेवलेली आहे.

आर्किटेक्टचा नकाशा मात्र बदलू नका, तो एक्स-रेफ म्हणून खाली ठेवा. त्याचे सगळे लेअर एकच फिका राखाडी रंग आणि सगळ्यात बारीक जाडी देऊन मागे ढकला, म्हणजे दिवे आणि पॉइंट वर उठून दिसतात. व्हिसरिटेन एकवर असेल तर तुमचे हे बदल तुमच्या फाईलमध्ये टिकतात. एकवर नसेल तर दुसऱ्या दिवशी फाईल उघडल्यावर भिंती पुन्हा मूळ रंगात. शेवटी संच एकजीव करून द्यायचा असेल तर बाइंड करा, इन्सर्ट नको. इन्सर्टमध्ये दोन्हीकडचे सारख्या नावाचे लेअर एकमेकांत मिसळतात आणि कुणाची भिंत, कुणाची केबल ट्रे, काही कळेनासं होतं.

एक प्रश्न साधनांचा नाही, माणसांचा आहे : साचा कोण बदलणार? एकच माणूस. बाकीच्यांना नवा लेअर हवा असेल तर त्याला सांगायचं, त्याने साच्यात टाकायचा, आणि त्या दिवसापासून सगळ्यांनी नवा साचा घ्यायचा. अमझेऱ्यात घरी बसून रात्री काम करणाऱ्या मुलाने दुपारी बदललेला साचा घेतला आहे की नाही, हे त्याला फोन करूनच विचारावं लागतं. मी साच्याच्या शीर्षकपट्टीत तारीख लिहितो. छापलेल्या कागदावर ती दिसते, म्हणून कुणी जुन्या साच्यावर काम केलं हे शेडमध्ये उभं राहूनही कळतं.

पुढचा संच पाठवण्याआधी त्यातलं एक पान, शक्यतो अर्थिंगचं, काळ्या-पांढऱ्यात छापा. ते वायरमनच्या हातात द्या आणि अर्थची प्रत्येक तार बोट ठेवून दाखवायला सांगा. त्याला जी सापडणार नाही, ती तार फाईलमध्ये कोणत्या लेअरवर आहे ते त्याच दिवशी बघा.